२,१४,७४,८३,६४७ ही मूळसंख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावशाळांमधले आठवी ते बारावीचे विद्यार्थी आणि त्यांना गणित शिकवणारे शिक्षक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. इंटरनेट नसलं तरी चालेल. चौकटीची वही, पेन आणि किराणा दुकानात असतो तसा कॅल्क्युलेटर पुरे आहे. लिहिताना २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात असं समजा.

ही संख्या कोणती आणि ती वाचायची कशी?

२^३१ − १ = २१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दहा अंक आहेत, म्हणून मोबाइल नंबरासारखे पाच-पाच अंक धरून पाठ करा: २१४७४ ८३६४७.

उतरवून घेताना अंक मागेपुढे होतात आणि मग पुढचं सगळं काम वाया जातं. त्यामुळे आधी दोन गोष्टी तपासा. अंकांची बेरीज ४६ आली पाहिजे. उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-वजा करत गेलात (७ − ४ + ६ − ३ + ८ − ४ + ७ − ४ + १ − २) तर १२ आले पाहिजेत. दोन शेजारचे अंक अदलाबदल झाले तर पहिली तपासणी ते पकडत नाही, दुसरी पकडते.

शून्यापासून काढायची असेल तर २^१० = १०२४, २^२० = १०,४८,५७६, २^३० = १,०७,३७,४१,८२४. शेवटच्या संख्येची दुप्पट करून एक वजा करा.

मूळसंख्या तर अगणित आहेत. हीच काहून घेतली?

कारण ती मोठी असूनही हाताने तपासता येते. लहानापासून मोठ्याकडे मोजत गेलं तर ही १०,५०,९७,५६५ वी मूळसंख्या आहे, म्हणजे तिच्याआधी साडेदहा कोटींच्या आसपास मूळसंख्या होऊन गेल्या. तिच्या आसपासची कुठलीही दहा अंकी मूळसंख्या उचलली तर ती मूळ आहे हे हाताने दाखवायला हजारो भागाकार लागतील. हिला ऐंशीच पुरतात. फरक आकारात नाही, घडणीत आहे: ही संख्या २ च्या घातापेक्षा बरोब्बर एकने कमी आहे. अशा मूळसंख्यांना मर्सेन मूळसंख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ यांच्यानंतरची ही आठवी.

ती मूळ आहे हे कुणी आणि कधी दाखवलं?

स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने, १७७२ मध्ये. त्याआधीची कहाणी चुकांनी भरलेली आहे. १५८८ मध्ये इटलीच्या पिएत्रो कातालदीने २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ आहेत हे भागाकार करून दाखवलं. ते बरोबर होतं. पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातसुद्धा चालतात असं सांगितलं. १६४० मध्ये फ्रान्सच्या फर्माने २३ आणि ३७ खोडून काढले, नंतर ऑयलरने २९ खोडला. ३१ तेवढा टिकला.

फ्रान्सच्या मेरीन मर्सेनने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ सुटले होते. तरी नाव त्याचंच राहिलं. २^६७ − १ चे अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

आपली संख्या पुढे कित्येक दशकं जगातली सर्वात मोठी ज्ञात मूळसंख्या होती. १८६७ मध्ये फ्रान्सच्या लान्द्रीने २^५९ − १ चा एक अवयव म्हणून ३२,०३,४३,१७,८०,३३७ ही मूळसंख्या काढली.

साध्या रीतीने किती भागाकार करावे लागतील?

वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भाग देऊन पाहायचा, ही शाळेत शिकवलेली रीत. इथे वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ यांच्या मध्ये येतं. तिथपर्यंत ४,७९२ मूळसंख्या आहेत. रोज पन्नास भागाकार केले तरी तीन महिन्यांहून जास्त लागतील.

मग ते ऐंशीवर कसे येतात?

हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सावकाश वाचा.

समजा भ ही विषम मूळसंख्या २^३१ − १ ला नि:शेष भागते. म्हणजे २^३१ ला भ ने भागलं की बाकी १ येते. आता २, ४, ८, १६… यांना भ ने भागत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा कोणत्या घाताला येईल? तो पहिला घात ३१ चा विभाजक असलाच पाहिजे. ३१ ला विभाजक दोनच, १ आणि ३१. घात १ असू शकत नाही, कारण २ ला भ ने भागून बाकी १ येत नाही. म्हणून तो घात ३१ च.

दुसरीकडे फर्माचा प्रमेय सांगतो की २^(भ − १) ला भ ने भागलं तर बाकी १ येते. म्हणून (भ − १) हा ३१ च्या पटीत असायला हवा. भ विषम आहे, म्हणजे (भ − १) सम आहे. तेव्हा (भ − १) हा ६२ च्या पटीत आला. एवढ्यानेच बहुतेक मूळसंख्या बाद होतात: ३, ५, ७, ११, १३ यांनी भाग देऊन पाहायची गरजच उरत नाही.

अजून एक गाळणी आहे. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ येते, आणि २^३२ हा ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या हिशेबात २ ही एका वर्गाची बाकी ठरते. असं तेव्हाच होतं जेव्हा भ ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. या दोन्ही अटी एकत्र केल्या की भ चे दोनच साचे उरतात:

रांग अ: २४८क + १ (क = १, २, ३…)
रांग आ: २४८क + ६३ (क = ०, १, २…)

रांग अ मध्ये २४९ पासून ४६१२९ पर्यंत १८६ संख्या येतात, रांग आ मध्ये ६३ पासून ४६१९१ पर्यंत १८७. एकूण ३७३. यातल्या बऱ्याचशा स्वतःच संयुक्त आहेत, त्या गाळल्या की सुमारे ऐंशी मूळसंख्या उरतात.

गाळायचं काम वहीत कसं करायचं?

दोन्ही रांगा वेगवेगळ्या पानांवर लिहा, प्रत्येक वेळी २४८ मिळवत. दर दहा संख्यांनंतर २४८० चा फरक येतो का ते पाहा, म्हणजे बेरजेतली चूक तिथेच सापडेल.

अ: २४९, ४९७, ७४५, ९९३, १२४१, १४८९, १७३७, १९८५, २२३३, २४८१, २७२९…
आ: ६३, ३११, ५५९, ८०७, १०५५, १३०३, १५५१, १७९९, २०४७, २२९५, २५४३…

आता ३ पासून सुरुवात. रांगेत ३ ने भाग जाणारी पहिली संख्या शोधा आणि तिथून दर तिसरी खोडा. अ मध्ये २४९, ९९३, १७३७, २४८१ जातात. आ मध्ये ६३, ८०७, १५५१, २२९५. मग ५: अ मध्ये ७४५ पासून दर पाचवी, आ मध्ये १०५५ पासून दर पाचवी. मग ७: अ मध्ये ४९७ पासून, आ मध्ये ६३ पासून दर सातवी. असंच ११, १३, १७ करत २११ पर्यंत जा. ३१ वगळा, कारण या रांगांतल्या प्रत्येक संख्येला ३१ ने भागलं तर बाकी १ च येते. खोडताना ती मूळसंख्या स्वतःच रांगेत असेल तर तिला हात लावू नका; २११ पर्यंत तशी वेळ येत नाही, कारण रांगांतली पहिली मूळसंख्या ३११ आहे.

वरच्या बावीस संख्यांमधून ३, ५, ७ ने आठ उरतात. त्यातल्या ५५९ (१३ × ४३), १२४१ (१७ × ७३) आणि २०४७ (२३ × ८९) पुढे जातात. शेवटी राहतात ३११, १३०३, १४८९, २५४३ आणि २७२९.

एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. एखादी संयुक्त संख्या खोडायची राहिली तर एक भागाकार जास्त होतो, बाकी काही बिघडत नाही. पण एखादी मूळसंख्या चुकून खोडली गेली तर सिद्धताच अपुरी राहते. शंका असेल तिथे खोडू नका.

भागाकार करून दाखवा ना.

पहिले पाच असे येतात:

३११ ने: भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५
१३०३ ने: भागाकार १६,४८,१०७, बाकी २२६
१४८९ ने: भागाकार १४,४२,२३२, बाकी १९९
२५४३ ने: भागाकार ८,४४,४६८, बाकी १५२३
२७२९ ने: भागाकार ७,८६,९१२, बाकी ७९९

पुढचे स्वतः करा. चौघांनी वाटून घेतले तर प्रत्येकी वीस येतात. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तोवर दुपारी घराबाहेर पडवत नाही. त्या दिवसांसाठी हे काम अगदी योग्य आहे. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या बाक्या लिहून दुसऱ्याला तपासायला द्याव्या. नुसतं "भाग जात नाही" असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. बाकीचा आकडा लिहिला असेल तरच दुसऱ्याला चूक पकडता येते.

कोणता कॅल्क्युलेटर चालेल?

कापसाच्या काट्यावर किंवा किराणा दुकानात असतो तो १२ अंकी कॅल्क्युलेटर उत्तम. संख्या पूर्ण मावते आणि भागाकारात पुरेसे दशांश दिसतात. सर्वात मोठा भाजक ४६ हजारांच्या घरातला. भाग जात नसेल तर दशांश भाग किमान १ ÷ ४६,१९१, म्हणजे ०.००००२ च्या वर असतो. तेव्हा भागाकार पाच अंकी असतो आणि पडद्यावर सात दशांश स्थळं उरतात, त्यामुळे तो लपून राहू शकत नाही.

बाकी काढायची रीत: भागाकारातला पूर्णांक भाग घ्या, भाजकाने गुणा आणि मूळ संख्येतून वजा करा. दशांश भागाला भाजकाने गुणूनही बाकी मिळते, पण तेव्हा ३४.९९९८ असं काहीतरी येतं आणि मुलं ३४ लिहून मोकळी होतात. म्हणून वजाबाकीचीच रीत धरा.

आमच्याकडे ८ अंकीच आहे. त्यात ही संख्या मावत नाही.

मावायची गरज नाही. २^३१ = ६५५३६ × ३२७६८. दोघांची बाकी वेगवेगळी काढा, त्यांचा गुणाकार करा, पुन्हा बाकी काढा आणि १ वजा करा. १३०३ घेऊन पाहू: ६५५३६ ची बाकी ३८६, ३२७६८ ची १९३. गुणाकार ७४,४९८, त्याची बाकी २२७. एक वजा केला की २२६, म्हणजे वर आलेलीच बाकी.

भाजक १०,००० पेक्षा कमी असेपर्यंत गुणाकार आठ अंकांत बसतो. त्याच्या पुढे २०,००० पर्यंत जायचं असेल तर बाकी भाजकाच्या निम्म्याहून मोठी आली की ती भाजकातून वजा करा आणि आलेली संख्या ऋण धरा. चिन्ह विसरलात तर उत्तर हमखास चुकतं. त्याहून मोठ्या भाजकांसाठी १२ अंकीच आणा, नाहीतर कागदावर भागाकार करा. १२ अंकी असला तरी ही रीत फेरतपासणीसाठी वापरा: दोन्ही रीतींनी एकच बाकी आली तर निश्चिंत व्हा.

३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १ मूळ, एवढं म्हटलं तर पुरत नाही का?

नाही. घात संयुक्त असेल तर २^घात − १ नक्की संयुक्त असते, हे खरं. पण घात मूळ असला म्हणजे झालं, असं नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो. २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९. हे सगळे अवयव वरच्या साच्यात बसतात: २३ = २ × ११ + १, ८९ = ८ × ११ + १, ४७ = २ × २३ + १, २३३ = ८ × २९ + १. मूळ घात ही दारात उभं राहायची अट आहे, आत शिरायची परीक्षा वेगळी.

ऐंशी भागाकारांपेक्षाही छोटी रीत आहे का?

आहे. एदुआर ल्युकाने ती शोधली आणि पुढे डेरिक लेमरने तिला आजचं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. घात प असेल तर (प − २) पायऱ्यांनंतर बाकी ० आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. दोन्ही बाजूंनी पक्कं उत्तर.

१२७ साठी (घात ७, पायऱ्या ५): ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.
२०४७ साठी (घात ११, पायऱ्या ९): ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. गंमत अशी की ही रीत संख्या संयुक्त असल्याचं सांगते, पण २३ आणि ८९ चा पत्ता देत नाही.

आपल्या संख्येला २९ पायऱ्या लागतात. पहिल्या चार सोप्या: ४, १४, १९४, ३७६३४, १,४१,६३,१७,९५४. अट्ठाविसाव्या पायरीला बाकी ६५५३६ येते. त्याचा वर्ग २^३२. त्यातून २ गेले की उरते आपल्या संख्येची बरोब्बर दुप्पट, म्हणून बाकी ०.

पाचवी पायरी मोबाइलवर केली तर उत्तर जुळत नाही. असं काहून होते?

१४१६३१७९५४ चा वर्ग १९ अंकी येतो. मोबाइलचे बरेच कॅल्क्युलेटर अशा वेळी पुढचे काही अंक दाखवून उरलेले घातांकात गुंडाळतात. एक्सेलमध्ये पंधराच अंक टिकतात, त्यापुढे शून्यं. आणि आपल्याला तर शेवटच्या अंकासकट सगळी संख्या हवी आहे. म्हणून तुकडे करा:

१४१६३ आणि १७९५४ असे दोन भाग.
१४१६३ चा वर्ग = २०,०५,९०,५६९. यापुढे दहा शून्यं.
२ × १४१६३ × १७९५४ = ५०,८५,६५,००४. यापुढे पाच शून्यं.
१७९५४ चा वर्ग = ३२,२३,४६,११६.
तिन्हींची बेरीज हाताने, उभी मांडून: २००५९५६५४६८२२७४६११६. दोन वजा: २००५९५६५४६८२२७४६११४.

आता बाकी. २^३१ ची बाकी १ आहे, त्यामुळे इथे एक सुंदर सोय होते: या संख्येला २१४७४८३६४८ ने भागायचं आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करायची. भागाकार ९३,४०,९६,३०७, बाकी १,८८,३०,५८,१७८. बेरीज २,८१,७१,५४,४८५. ती आपल्या संख्येहून मोठी आहे, म्हणून एकदा २१४७४८३६४७ वजा केली: ६६,९६,७०,८३८. हीच पाचवी पायरी.

हाताने सगळ्या २९ पायऱ्या करायच्या असतील तर ऐंशी भागाकारच सोपे पडतात. एका पायरीत एक अंक चुकला तर पुढचं सगळं चुकतं. भागाकारांत मात्र एक चूक एकाच ओळीत राहते.

२ चा घात घेऊन फर्माची कसोटी लावली, बाकी १ आली. झालं का सिद्ध?

झालं नाही. (फर्माची कसोटी म्हणजे २^(संख्या − १) ला त्या संख्येने भागून बाकी १ येते का ते पाहणं.) मूळ घाताच्या २^घात − १ या साच्यातली प्रत्येक संख्या २ च्या कसोटीत पास होते, संयुक्त असली तरी. २०४७ पाहा: २^११ ची बाकी १, आणि २०४६ = ११ × १८६, म्हणून २^२०४६ ची बाकीही १. इथे २ हा साक्षीदार कामाचाच नाही. ३ घेतला तर कसोटीला थोडा अर्थ येतो, तरी ती सिद्धता नव्हे.

हिच्या शेजारी कोणत्या मूळसंख्या आहेत? हिची जुळी आहे का?

आधीची २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. अंतरं १८ आणि १२. या पट्ट्यात दोन मूळसंख्यांमधलं सरासरी अंतर साधारण साडेएकवीस आहे, तेव्हा शेजार तसा दाटच म्हणायचा. जुळी मात्र नाही: २ ने कमी असलेली २१४७४८३६४५ पाचाने भागली जाते आणि २ ने जास्त असलेली २१४७४८३६४९ तिनाने.

दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येते का?

येत नाही. तीन वर्गांच्याही नाही. तिला ८ ने भागल्यावर बाकी ७ येते. वर्गांच्या बाक्या ०, १ किंवा ४ च असतात आणि त्यातल्या तिन्हींनी ७ जमत नाही. चार वर्ग लागतात.

परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

थेट संबंध आहे. २^३० ने गुणलं की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ येते. ही आठवी परिपूर्ण संख्या: ६, २८, ४९६, ८१२८ यांच्या कुळातली. तिचे ६२ विभाजक आहेत. ती स्वतः सोडून उरलेल्या ६१ विभाजकांची बेरीज पुन्हा तीच येते. १८११ मध्ये पीटर बार्लोने लिहिलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही, कारण तिचा काही उपयोग नाही आणि म्हणून कुणी शोधायला जाणार नाही. १८७६ मध्ये ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं आणि बार्लोचं म्हणणं खोटं ठरलं.

संगणकात हाच आकडा सारखा दिसतो. तो मूळ आहे म्हणून का?

नाही, हा योगायोग आहे. ३२ बिटांच्या साठ्यात एक बिट चिन्हाला दिला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वात मोठी संख्या हीच: एकतीस वेळा १. १६ बिटांत ती ३२७६७ असते आणि ती ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटांतलीही संयुक्तच आहे.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत या संख्येत १ मिळवून पाहा, −२१४७४८३६४८ येईल. जुन्या प्रणाली वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत याच साठ्यात ठेवतात. तो साठा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. त्यापुढच्या सेकंदाला न सुधारलेलं यंत्र १९०१ चा डिसेंबर दाखवेल.

मग तिच्या मूळ असण्याचा उपयोग कुठे होतो?

यादृच्छिक वाटणारे आकडे तयार करण्यात. १ पासून सुरू करा, दर वेळी १६८०७ ने गुणा आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा: १६८०७, २८,२४,७५,२४९, १,६२,२६,५०,०७३, ९८,४९,४३,६५८… दहा हजार पायऱ्यांनंतर १,०४,३६,१८,०६५ आलं पाहिजे, प्रोग्राम बरोबर लिहिला का हे पाहायची ही प्रसिद्ध तपासणी आहे, पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये दिलेली.

१६८०७ = ७^५. आपली संख्या मूळ आहे आणि ७ चे घात घेत गेलं की तिच्या हिशेबात १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या सगळ्या बाक्या एकेकदा येतात. तिच्यातून १ वजा करून आलेल्या संख्येचे अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ मिळतात, त्यात ५ नाही. म्हणून पाचवा घातही तेच काम करतो. २ घेतला असता तर एकतीस पायऱ्यांत गाडी पुन्हा १ वर आली असती.

प्रोग्राममध्ये चूक होते ती गुणाकारात. तो ३२ बिटांत मावत नाही, ६४ बिटांचा साठा घ्या. सुरुवात ० ने करू नका, शून्यच येत राहील. आणि सोडत काढायला किंवा पासवर्ड बनवायला ही रीत वापरू नका: एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

बँकेच्या ॲपमध्ये हीच संख्या असते का?

नाही, ती फार लहान आहे. माहिती गुप्त ठेवायच्या आरएसए पद्धतीत आज सुमारे ३०९ अंकी दोन गुप्त मूळसंख्या घेतात. तिथे मर्सेन मूळसंख्या चालत नाहीत, कारण त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. जिथे मूळसंख्या गुप्त ठेवायची नसते तिथे मात्र त्या चालतात. पी-५२१ नावाच्या वक्रावर आधारलेल्या पद्धतीत २^५२१ − १ वापरतात, कारण वर पाहिलेली भागाकार अधिक बाकीची सोय तिथेही मिळते.

२ चा हिच्याइतका घात घेऊन १ वजा केला तर?

६४ कोटींहून जास्त अंकांची संख्या येते. ती मूळ नाही. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो आणि हा भाजकही साच्यातच आहे: २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १. गुणाकार करून पाहा.

आज सर्वात मोठी ज्ञात मूळसंख्या कोणती? आम्हाला गावातून शोधात भाग घेता येईल का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १, एकूण ४,१०,२४,३२० अंक. १९९६ मध्ये सुरू झालेल्या गिम्प्स या सामूहिक प्रकल्पातून ल्यूक ड्युरंट यांनी ती शोधली. ती ज्ञात मर्सेन मूळसंख्यांपैकी बावन्नावी आहे.

भाग घेता येतो. प्राइम९५ हा प्रोग्राम फुकट मिळतो, नेट फक्त काम घेताना आणि निकाल पाठवताना लागतं. साध्या संगणकावर एका घाताची तपासणी बरेच दिवस चालते. लाईट गेली तरी काम वाया जात नाही, कारण प्रोग्राम दर अर्ध्या तासाने प्रगती डिस्कवर लिहून ठेवतो आणि पुन्हा चालू केल्यावर तिथून पुढे जातो. पण हा प्रोग्राम प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबवतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपवर तो लावू नका: तापलेला प्रोसेसर चुकीचं गणित करू शकतो आणि मग निकाल फेटाळला जातो. पंखा साफ केलेला डेस्कटॉप, झाकण उघडं, आणि दिवाळीनंतरचे थंडीचे महिने, असं जमवा. आधी प्रोग्राममधली टॉर्चर टेस्ट काही तास चालवा. तीत एक जरी चूक दाखवली तरी त्या यंत्रावर काम घेऊ नका.